विकराचे शोधन

रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांना अ‍ॅस्परॅजिनेज नावाचे जे विकर, अर्थात एन्झाइम, टोचतात, ते रोगट पेशींना उपाशी मारते. कारण अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल निरोगी पेशी स्वतः घडवितात, परंतु रोगट पेशींना ते बहुधा रक्तातूनच घ्यावे लागते, आणि रक्तातले अ‍ॅस्परॅजिन हे विकर तोडून टाकते. १९५३ साली संशोधक किड यांना गिनीपिगच्या रक्तरसात रोगट पेशींना रोखण्याचा गुण आढळला, १९६१ मध्ये ब्रूम यांनी त्याचे मूळ या विकरात दाखविले, आणि औषधासाठी पुढे जीवाणूंचा आश्रय घेण्यात आला.

मातीतून असे जीवाणू हुडकण्याचे काम एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी जवळून पाहिले. अ‍ॅस्परॅजिन आणि फिनॉल रेड घातलेल्या अगरच्या तबकडीवर मातीचे विरल द्रावण पसरले, की ज्या जीवाणूजवळ विकर असते त्याच्या वसाहतीभोवती अमोनिया सुटून पिवळे माध्यम गुलाबी होते.

परंतु खरी कसोटी पुढे, शोधनात. जीवाणू वाढवून मिळालेला रस बर्फात ठेवून, कुटलेले अमोनियम सल्फेट चिमटीचिमटीने घालीत असताना संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, "घाई केली की फेस येतो, सर, आणि फेसात प्रथिन बिघडतं." या मिठाने पाणी ओढून घेतल्यावर प्रथिने साकळून खाली बसतात, तो साका विरघळवून, सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरून, थंड बफरात बुडवून ठेवतात, आणि मीठ निघून जावे म्हणून बफर वारंवार बदलतात. येथे हयगय मुळीच खपत नाही, कारण विकराचे मोजमाप नेस्लरच्या अभिकर्मकाने, सुटलेल्या अमोनियावरून होते, आणि मागे उरलेले अमोनियम सल्फेट सारा हिशेबच खोटा ठरविते. त्यानंतर आयन-विनिमय स्तंभातून थेंबाथेंबाने उतरणारा रस नळ्यांत गोळा करून प्रत्येक नळी तपासायची.

नोंदवहीतला तपशील मला विशेष मोलाचा वाटला: प्रत्येक पायरीला एकूण विकर घटते, मात्र प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे त्याची क्रियाशीलता चढत जाते. किती गमावले हे न लपविता लिहिणारा हा जमाखर्च म्हणजेच शास्त्रज्ञाची सचोटी होय.

एवढे करूनही औषध सिद्ध होत नाही: ज्वरकारक जीवाणूविष काढावे लागते, ग्लुटामिनवरील अनिष्ट क्रिया तपासावी लागते, आणि परके प्रथिन असल्यामुळे काही रुग्णांना ते बाधते. अशा रुग्णांसाठी एशेरिकिया कोलायऐवजी एर्विनियापासून काढलेले विकर वापरतात. म्हणून नव्या स्रोतांचा शोध अद्याप निरुपयोगी झालेला नाही.