शेवटचे दोन मिलिमीटर

टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांची वैयक्तिक तिरंदाजीची अंतिम लढत ५-५ अशी बरोबरीत आली आणि सुवर्णपदक एकेका बाणावर ठरायची वेळ आली. तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर दोघींच्या हृदयाचे ठोके दाखवत होते. एलेना ओसिपोवाचे मिनिटाला १६७, कोरियाच्या आन सानचे ११८. आन सानचा बाण दहात गेला, ओसिपोवाचा आठात. त्यानंतर कितीतरी दिवस जो तो त्या ११८ बद्दल बोलत होता. कोरियन मुली मनानेच पोलादी, त्याला कोण काय करणार? आणि लगेच पुढचं वाक्य ठरलेलं: आपल्या मुली तिथेच कमी पडतात.

मला हे पटलं नव्हतं. एखाद्या कामात कोणी सतत, पिढ्यान्‌पिढ्या जिंकत असेल, तर त्याचं कारण स्वभावात शोधणं म्हणजे त्या कामाकडे न बघणं. ते काम जवळून पाहावं म्हणून मी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला गेले.

मैदान अँव्हालिदच्या समोरच्या हिरवळीवर उभारलेलं होतं. जिथे नेपोलियनची समाधी आहे, तो सोनेरी घुमट ऊन चढेल तसा डोळ्यांवर येत होता. शनिवार, ३ ऑगस्ट. शेवटच्या सोळांपासून सुवर्णपदकापर्यंतच्या सगळ्या लढती एकाच दिवशी. शेजारी एक फ्रेंच बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, स्वतः क्लबात धनुष्य चालवणाऱ्या, गळ्यात छोटी दुर्बीण. पहिल्या दोन-तीन बाणांनंतर त्यांनी माझ्या दंडाला हात लावून सांगितलं, "टार्गेटकडे बघू नका. तिथे काही घडत नाही. तिचं मागचं कोपर बघा. शेवटचे दोन मिलिमीटर."

ते दोन मिलिमीटर काय असतात, हे समजायला मला सकाळ लागली.

धनुष्यावर धातूची एक पातळ पट्टी बसवलेली असते, तिला क्लिकर म्हणतात. बाण तिच्याखालून सरकवलेला असतो. खेळाडू दोरी मागे ओढते, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला टेकते. बघणाऱ्याला वाटतं, झालं, आता सोडेल. पण बाणाचं टोक अजून पट्टीखालीच असतं. साधारण दोन मिलिमीटर. ते अंतर ओढून काढलं, की पट्टी सुटून धनुष्यावर आपटते, टक् असा आवाज होतो आणि त्याच आवाजावर बोटं सैल पडतात. सोडायचं कधी, हे मन ठरवत नाही. तो आवाज ठरवतो.

आणि हे दोन मिलिमीटर हाताने ओढायचे नसतात. हाताने ओढले तर मनगट वळतं, दोरी हनुवटीवरून सरकते. ते ओढायचे पाठीने, खांद्याची दोन्ही पाती एकमेकींकडे नेत. ऑलिंपिकमधल्या या धनुष्याला रिकर्व्ह म्हणतात, आणि महिलांच्या रिकर्व्हचा ताण साधारण १८ ते २० किलो असतो. म्हणजे ऑफिसात येतो तो पाण्याचा भरलेला जार तीन बोटांवर तोलून धरायचा, चेहऱ्यावर सुरकुती उमटू द्यायची नाही आणि वर पाठीने तो आणखी दोन मिलिमीटर मागे न्यायचा. हे सगळं वीस सेकंदांच्या आत, कारण वैयक्तिक लढतीत प्रत्येक बाणाला तेवढाच वेळ.

टार्गेट ७० मीटरवर, त्यातलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. मी एका कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडून पाहिला. बाणाची मागची बाजू हनुवटीखाली अर्धा-पाऊण मिलिमीटर जरी बाजूला गेली, तरी मधोमध जाणारा बाण दहाच्या बाहेर पडतो. वाऱ्याचा विचार अजून केलेलाच नाही. स्टँडला आपटून वारा मैदानात उलटा फिरत होता आणि टार्गेटवरचं छोटं निशाण एकाच मिनिटात दोन दिशा दाखवत होतं.

मी कोपरं बघायला लागले. चांगल्या बाणाला कोपर थांबत नाही. दोरी हनुवटीला लागल्यावरही ते फार हळू मागे जात राहतं, मग एकदम सुटतं आणि हात मानेमागे जातो. धनुष्य हातातून पुढे पडतं, बोटांना बांधलेल्या दोरीवर लोंबकळतं. जिथे कोपर थांबलं, तिथे पुढचं सगळं दिसायला लागतं. टक् होत नाही. घड्याळ चाललेलं असतं. धनुष्याच्या पुढच्या दांड्याचं टोक बारीक थरथरतं. मग एक तर दोरी सैल सोडून पुन्हा सुरुवात करायची, नाही तर जोर लावून पट्टी सोडवायची. जोर लावलेला बाण आठात किंवा सातात दिसतो. "बघा," बाई प्रत्येक वेळी पुटपुटायच्या, "दोन मिलिमीटर."

आता कोरियाकडे. लिम सिह्यॉन या एकवीस वर्षांच्या मुलीने २५ जुलैच्या मानांकन फेरीत ७२ बाणांत ७२० पैकी ६९४ गुण केले, नवा विश्वविक्रम. तीन दिवसांनी सांघिक सुवर्ण. १९८८ च्या सोलपासून महिलांचं सांघिक सुवर्ण दुसऱ्या कोणत्याही देशाकडे गेलेलं नाही, हे सलग दहावं. ती लढत मी हॉटेलातल्या पडद्यावर पाहिली. चीनने ४-४ अशी बरोबरी केली, शूट-ऑफमध्ये तिघींनी एकेक बाण मारला. कोरियाचे दोन बाण नऊ आणि दहाच्या मधल्या रेषेवर. पंच भिंग घेऊन टार्गेटजवळ गेले, वाकून बघितलं आणि दोन्ही बाणांना दहा दिले. बाण रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो. २९-२७. छत्तीस वर्षांची परंपरा त्या क्षणी दोन काळ्या रेषांच्या जाडीवर उभी होती.

ही परंपरा पोलादी मनावर चाललेली नाही. जिनचॉनच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात त्यांनी अँव्हालिदच्या मैदानाची प्रतिकृती उभारली आणि मुली महिनोन्‌महिने तिथेच बाण मारत होत्या. गर्दीच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून फुटबॉलच्या स्टेडियममध्ये सराव केला, सीन नदीवरून येणाऱ्या वाऱ्यासाठी त्यांच्या देशातल्या नदीकाठी जाऊन नेम धरले. निवड चाचणी लांबलचक, आणि तिथे जुन्या पदकाला काही वजन नाही. टोकियोत तीन सुवर्णं मिळवणारी आन सान पॅरिसच्या संघात बसली नाही. ज्या मुलीने घरच्याच मैदानावर तिच्यासारखीला मागे टाकलं, तिला पॅरिसचं कुठलं दडपण नवं वाटणार?

मी महाराष्ट्रातली आहे म्हटल्यावर बाईंनी लगेच विचारलं, "स्वामी?" त्या चाकांचं कंपाऊंड धनुष्य वापरतात, म्हणून साताऱ्याची अदिती स्वामी त्यांना माहीत. सतराव्या वर्षी, २०२३ मध्ये बर्लिनला ती जगज्जेती झाली, अंतिम लढतीत १५० पैकी १४९ गुण घेऊन. त्याच स्पर्धेत ज्योती सुरेखा व्हेन्नम आणि परनीत कौर यांच्यासोबत तिने सांघिक सुवर्णही घेतलं होतं, जागतिक स्पर्धेतलं भारताचं पहिलं. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, कारण पॅरिसमध्ये कंपाऊंड नव्हतंच. चाकांमुळे धरून ठेवायचा भार हलका होतो म्हणून त्या खेळाला सोपा म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी ५० मीटरवरच्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात पंधरापैकी चौदा बाण मारून दाखवावेत. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाऊंड येतंय, पण फक्त मिश्र सांघिक. आपल्या मुलींना एकटीने उभं राहायची जागा तिथेही नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

दुपारी भारताची दीपिका कुमारी आली. तिचं हे चौथं ऑलिंपिक. २०१२ ला ती जगात पहिल्या क्रमांकावर असताना लंडनमध्ये पहिल्याच फेरीत हरली, टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत आन सानकडून. इथे पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, समोर पुन्हा कोरिया: एकोणीस वर्षांची नाम सुह्यॉन. स्टँडमध्ये तिरंगे घेतलेली वीस-पंचवीस मंडळी तरी माझ्याच बाजूला होती.

तीन बाणांचा एक सेट, जिंकला की दोन गुण. पहिला सेट दीपिकाने २८-२६ असा घेतला. आमच्याकडे आरडाओरडा. दुसरा नामने २८-२५ असा. तिसरा पुन्हा दीपिकाकडे, २९-२८. ती ४-२ अशी पुढे होती आणि उपांत्य फेरीला आणखी दोनच गुण हवे होते. मी कोपरं बघायचं ठरवलं होतं, तरी नजर सारखी तिच्या चेहऱ्याकडे जात होती. मग दोन सेट, दोन्ही २९-२७, दोन्ही नामचे. ४-६. दीपिकाने समोरच्या मुलीशी हात मिळवला, धनुष्य उचललं आणि प्रशिक्षकांसोबत आत गेली.

नाम पुढे अंतिम फेरीत गेली आणि लिमकडून ७-३ हरली. कांस्य फ्रान्सच्या लिसा बार्बेलँला मिळालं. त्या लढतीत बाई उभ्या राहून एवढ्या ओरडल्या, की दुर्बिणीचा पट्टा तुटला. मी त्यांच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या.

परतताना मेट्रोत फोन उघडला तर पुण्याच्या मैत्रिणीचा निरोप होता: "पुन्हा तेच. दडपण आलं की दीपिका खचते." मला संताप आला. मी स्टेशन येईपर्यंत आकडे लिहीत होते. पंधरा बाणांत दीपिकाचे १३६, नामचे १४०. फरक चार गुणांचा, आणि त्यातले तीन एकट्या दुसऱ्या सेटमध्ये गेलेले, जेव्हा ती पुढे होती आणि गमवायला अजून काही नव्हतं. शेवटच्या दोन सेटमध्ये, तथाकथित खचल्यावर, तिने ६० पैकी ५४ केले. नामने ५८ केले. खचलेली माणसं सहा बाणांत ५४ करत नाहीत. अठ्ठावन्न करणारी मुलगी समोर होती, आणि ती घडवायला एका देशाने मैदानं, नदीकाठ आणि स्टेडियम वापरायला दिलं होतं. आपण दीपिकाला त्यातलं काय दिलं, ते आधी विचार, असं मी लिहिलं.

मैत्रिणीचं उत्तर आलं, की तिला मॅचमध्ये दीपिकाचा चेहरा स्पष्ट दिसला होता. मी तिला कळवलं, तीच मॅच पुन्हा लाव, चेहरा झाकून टाक, फक्त दोघींचं उजवं कोपर बघ, आणि मग मला फोन कर.