‘रक्तातच आहे त्यांच्या’ म्हणे!

कॅनडात स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी सुट्टीत पुण्या-ठाण्याला आली, की गप्पांत कधीतरी तिथल्या आदिवासींचा विषय निघतो आणि निकालही तिथल्या तिथे लागतो. ‘‘सरकार फुकट पोसतं, तरी दारू पितात आणि पोरं जीव देतात. रक्तातच आहे त्यांच्या!’’ बोलणारा इंजिनीअर असो की डॉक्टर, हे ‘रक्तातच’ काही चुकत नाही.

प्रमाण जास्त आहे, हे खरंच. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या २०११ ते २०१६च्या आकडेवारीत फर्स्ट नेशन्स या आदिवासी समाजातलं आत्महत्येचं प्रमाण बिगर-आदिवासींच्या तिप्पट होतं. पण त्याच अहवालातली पुढची ओळ कुणी वाचत नाही: फर्स्ट नेशन्सच्या ६० टक्क्यांहून अधिक समूहांत हे प्रमाण शून्य होतं. शून्य! रक्ताचाच दोष असेल, तर तो एका वस्तीत येतो आणि शेजारच्या वस्तीला वगळतो, हे कसं?

ही माहिती काही कालपरवाची नाही. मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या अशा सुमारे २०० समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक समूहांत पाच वर्षांत एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती; बहुतेक मृत्यू मोजक्या समूहांत एकवटले होते. दोघांनी सहा गोष्टी तपासल्या. जमिनीच्या हक्कासाठी लढा चालू आहे का, स्वतःचा कारभार आहे का, शाळा कोण चालवतं, दवाखाना कुणाच्या हातात, सांस्कृतिक कामांसाठी हक्काची जागा आहे का आणि (हे वाचून मी थबकलो) पोलीस नि आगीचा बंब कुणाच्या ताब्यात? जिथे या सहाही गोष्टी होत्या, तिथे तरुणांच्या आत्महत्या शून्य. पुढे २००७च्या अभ्यासात, जिथे निम्म्याहून अधिक लोकांना आपली भाषा बोलता येत होती तिथेही प्रमाण अगदी कमी आढळलं. एकामुळेच दुसरं घडलं, असं यातून सिद्ध होत नाही. समूह छोटे आहेत, कारणं अनेक आहेत. पण ‘रक्ताचा’ सिद्धान्त मात्र इथेच निकालात निघतो.

आणि संस्कृती म्हणजे पिसांचा मुकुट घालून नाच, ही समजूतही. तसं असतं तर यादीत बंब आला नसता. मुद्दा आहे तो आपलं आयुष्य आपल्या हाती असण्याचा, आणि तेच हिरावलं गेलं होतं. कॅनडात आदिवासी मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळांनी शंभराहून अधिक वर्षं सुमारे दीड लाख मुलं घरापासून तोडली; आपली भाषा बोललं की शिक्षा. हे २०१५च्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या अहवालात सविस्तर आहे. म्हणजे मुलांना वाढवण्याचा अधिकारच काढून घेतला होता. तो परत घेण्याचा एक प्रयत्न अलास्कातल्या युपिक आदिवासींच्या गावांत दिसतो. तरुणांच्या आत्महत्या टाळण्यासाठीच्या तिथल्या ‘कुंगासविक’ या कार्यक्रमात भर आत्महत्येवरच्या व्याख्यानांवर नसतो. गोठलेल्या नदीवर पाय ठेवण्याआधी काठीने बर्फ कसा ठोकून पाहायचा, शिकार कशी करायची, हे जाणती मंडळी पोरांना शिकवतात. उपचारांना हा पर्याय नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

राहिलेल्या वावड्या चटकन. ‘त्यांना दारू पचत नाही’: त्यांच्या शरीराची अशी काही वेगळी ठेवण संशोधनात सापडलेली नाही. ‘कर भरत नाहीत’: सूट आहे ती नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स व्यक्तींना, तीही मुख्यतः राखीव क्षेत्रातल्या उत्पन्न-मालमत्तेवर, इन्युइट आणि मेटी या इतर आदिवासींना ती नाही. ‘आत्महत्येबद्दल विचारलं की मुलांच्या डोक्यात ते भरतं’: जागतिक आरोग्य संघटना नेमकं उलटं सांगते. शांतपणे, थेट विचारा. आदिवासी असो वा आपल्या घरातलं पोर, गरज वाटली तर भारतात टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ आणि कॅनडात ९८८ हे क्रमांक चोवीस तास चालू असतात.