पांढरी सहाची सनद

दिवाळी उलटून धानाची कापणी सुरू झाली आणि गावोगावच्या मंडया भरू लागल्या, की तेथपासून होळीपर्यंत चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील रात्री नाटकांच्या होतात. वडसा, म्हणजे सरकारी दप्तरातील देसाईगंज, येथून निघालेल्या मंडळ्या रात्री उशिरा उघडलेला पडदा उजाडेपर्यंत पाडीत नाहीत. आणि या झाडीपट्टी रंगभूमीचा लौकिक असा, की तिचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री देऊन केंद्र सरकारनेही तिची दखल घेतली. येथे गाणे समोरासमोर गाइले जाते व ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड त्याची साथ करतात. त्यामुळे ध्वनिमुद्रणशाळांतून अलीकडे गाजत असलेला एक वाद या मंडळ्यांच्या ऑर्गनवाल्यापर्यंत पोहोचावा, हे क्रमप्राप्तच होते.

तो वाद असा. आपल्या पेटीवरील मधल्या सप्तकाची जी पांढरी सहा, तिचा सूर सेकंदाला 440 आंदोलनांचा असावा, असा जागतिक दंडक आहे. परंतु तो कृत्रिम असून 432 हाच निसर्गाचा, चित्त शांत करणारा स्वर होय, असा एका पंथाचा आग्रह आहे. दोहोंतील अंतर एका अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी. कसलेल्या कानाला ते कळते. इतरांना दोन्ही सूर एकाच वेळी वाजले तरच कळेल, कारण मग दर सेकंदाला आठ हेलकावे ऐकू येतील.

440 ची ही सनद कोणा दुष्ट सत्तेने बहाल केली, ही वदंता मात्र निराधार आहे. फ्रान्सने 1859 साली कायद्याने 435 मुकरर केले, संगीतकार व्हर्दीने 1884 मध्ये 432 ची पाठराखण केली, इंग्लंडात 1896 पासून 439 चालत होते, आणि अखेर 1939 च्या मे महिन्यात लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 440 ठरविले, ज्यावर पुढे प्रमाणीकरण संस्थेने 1955 साली शिक्कामोर्तब केले. 439 का नको, याचे कारण मोठे मौजेचे आहे: ती मूळसंख्या असल्यामुळे विद्युत्‌यंत्राने निर्माण करणे जिकिरीचे होते, उलट 10 लाख आंदोलनांच्या स्फटिकाला हजाराने भागून, 11 ने गुणून, पुन्हा 25 ने भागले की 440 हाती येतात. ज्या आकड्यामागे लोक कारस्थान शोधतात, त्यामागे एवढी हिशेबी सोय आहे.

432 च्या बाजूने मात्र एक गणित खरोखर देखणे आहे, आणि ते आमच्या ओळखीचेही आहे. पांढरी एक 256 धरली व तिच्यापासून षड्ज-पंचम भावाने चढत धैवत काढला, म्हणजे 27 भागिले 16 हे गुणोत्तर घेतले, तर नेमके 432 येतात. आणि पंडित भातखंडे यांनी षड्ज 240 धरून शुद्ध धैवताला जी 405 आंदोलने दिली, तीही याच गुणोत्तराची. परंतु भातखंड्यांचे 240 ही गणितासाठी घेतलेली सोयीची संख्या होती. कोणत्याही गवय्याने त्याच षड्जावर गावे, असे फर्मान त्यांनी काढले नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला व क्लेमेंट्स या सिव्हिलियन न्यायाधीशासह श्रुतींची पेटी सिद्ध करण्याचा खटाटोप केला, तोही स्वरांमधील अंतरांसाठी, मूळ षड्जाच्या आंदोलनसंख्येसाठी नव्हे. ऑर्गनचा गांधार तंबोऱ्याच्या गांधारापेक्षा अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा चढा असतो. हा दोष सप्तकाच्या समान वाटणीचा आहे, आणि सगळा ऑर्गन 432 वर उतरविला तरी तो तसाच, तेवढाच राहील. कानाची खरी तक्रार जेथे आहे तेथे या मात्रेचा उपयोग नाही.

शिवाय आंदोलने मोजावयाची ती सेकंदात, आणि सेकंद हे माप मनुष्याने ठरविलेले. आपल्या पूर्वजांच्या पळात, म्हणजे 24 सेकंदांत, मोजले तर 432 चे 10,368 होतात. मग कलियुगाच्या 4 लाख 32 हजार वर्षांशी त्या सुराचे नाते जोडणाऱ्यांनी काय करावे?

निसर्गाचेच म्हणावे, तर झाडीतला निसर्ग एका आकड्यावर ठरतच नाही. हवा थंडावली की तीत नादाचा वेग घटतो व फुंकेचे वाद्य उतरते: 30 अंशांवर 440 बोलणारी नळी 19 अंशांवर 432 बोलेल. डिसेंबरात दुपारच्या तालमीपासून पहाटेच्या अंकापर्यंत जंगलाच्या कडेला पारा एवढा सहज उतरतो; म्हणजे दुपारी जुळविलेली बासरी, वादकाच्या श्वासाच्या उबेने काहीशी सावरली तरी, शांतिदायक मानलेल्या सुराकडे आपोआप ओघळते, आणि तेव्हा ती शांत नव्हे, बेसूर वाटते. कारण पेटीचे पितळी सूर थंडीने उलट किंचित चढतात, आणि विजेवर चालणारा ऑर्गन जागचा हलत नाही. चामड्याची वाद्ये शेकोटीवर शेकून चढवावी लागतात. परधानांची किंगरी गाणाऱ्याच्या गळ्याशी जुळवून घेतली जाते. तेथे षड्ज गळ्याच्या हुकमतीत आहे, आणि नाटकातला गायकही काळी एक की काळी चार हे आपल्या आवाजावरून सांगतो, आंदोलनांवरून नव्हे.

इटलीत 2019 साली तेहेतीस जणांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात 432 च्या संगीताने हृदयाची गती थोडी मंदावलेली आढळली. एवढ्याशा दाखल्यावर सिद्धांत उभा राहत नाही. ध्वनिमुद्रणशाळेत कोणाला 432 वर गाणे करावयाचे असेल तर खुशाल करावे, मात्र सर्व वाद्ये आरंभापासून त्यावर जुळवावीत. तयार मुद्रण नुसते मंदावून ते साधले, तर पाच मिनिटांचे गाणे साडेपाच सेकंदांनी लांबते व गळाही जड होतो.

झाडीपट्टीच्या मंडळीने मात्र या भरीस पडू नये. विजेच्या ऑर्गनवर ती एका कळीची बाब असली, तरी बेचाळीस पट्ट्यांच्या दुहेरी पेटीचे चौऱ्याऐंशी सूर मुळाशी खरवडून उतरवावे लागतात. आणि ती पेटी मग शेजारच्या मंडळीच्या ऑर्गनबरोबर, उसन्या बासरीबरोबर किंवा आयत्या वेळी बोलाविलेल्या वादकाबरोबर बसत नाही. ऐन हंगामात अशी पेटी कोणी उसनी मागायला यायचे नाही.