पात्याचं टोक आणि घासण्याचं गणित

जेट इंजिनाच्या उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये फिरती पाती आणि त्यांच्याभोवतीचं आवरण यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट असते. पाती मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतात आणि त्यांची टोकं सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने आवरणालगत धावतात. एवढं ऐकल्यावर साहजिकच वाटतं, की पातं आवरणाला टेकलं की इंजिनाचा कारभार आटोपला.

तसं होत नाही. पातं कधी ना कधी टेकणार, हे धरूनच इंजिन आखलेलं असतं. उड्डाणाच्या वेळी वैमानिक पूर्ण जोर देतो, तेव्हा पातळ पाती झटकन तापतात आणि फिरण्याच्या जोराने ताणली जातात. जाड आवरण मात्र सावकाश तापतं, सावकाश प्रसरण पावतं. त्या मधल्या वेळात फट आवळत जाते. इंजिन बंद केल्यावर दुसराच प्रकार घडतो. आतली गरम हवा वर चढते, पाती ज्यावर बसवलेली असतात त्या दांड्याची वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त गरम राहते आणि दांडा किंचित वाकतो, म्हणजे एका बाजूची फट कमी होते. 2016 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीची पीडब्ल्यू1100जी इंजिनं एअरबस ए320निओ विमानांवर नवी आली, तेव्हा ती सुरू व्हायला जास्त वेळ घेतात, अशी तक्रार होती. त्याचं कारण हा वाकलेला दांडाच होता.

मग फट मोठीच ठेवली तर? ‘एवढ्याशा फटीने काय बिघडतं’ हा दुसरा गैरसमज. फटीतून निसटलेला गरम वायू पात्यांना न ढकलताच मागे जातो. तो तापवायला जाळलेलं इंधन फुकट जातं. नासाच्या अभ्यासकांनी मांडलेला ठोकताळा असा: उच्च दाबाच्या टर्बाइनमधली फट पाव मिलिमीटरने कमी केली, तर इंधनाचा खप सुमारे एक टक्क्याने घटतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान साधारण 10 अंशांनी उतरतं. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा किती मोठा असतो, हे ध्यानात घेतलं की एक टक्का म्हणजे काय ते कळतं.

म्हणून फट लहानच ठेवतात, घासणं पत्करतात आणि पात्याच्या टोकावर कठीण कण बसवतात. ‘ते पात्याची झीज थांबवायला’ हे अर्धसत्य आहे. खरं कारण मला या साऱ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. आवरण कधीच अगदी गोल नसतं आणि दांडा नेमका मध्यावर राहत नाही. म्हणून घासणं होतं ते बहुधा आवरणाच्या एखाद्याच भागात. पण प्रत्येक पातं दर फेऱ्याला त्या भागावरून जातं. पाती मऊ आणि आवरण कठीण असेल, तर एका जागच्या घासण्याने सगळी पाती आखूड होतील आणि फट संपूर्ण वर्तुळभर वाढेल. उलट पात्याने आवरण खरवडलं, तर चर तेवढ्याच भागात पडेल. बाकी वर्तुळात फट होती तशीच राहील. म्हणजे झीज कोणाची व्हावी, हे आधीच ठरवलेलं असतं. त्यासाठी आवरणाच्या आतल्या बाजूला मुद्दाम खरवडलं जाईल असा थर देतात. उष्ण भागात हा थर झिर्कोनियाच्या सच्छिद्र सिरॅमिकचा असू शकतो. फवारताना त्यात पॉलिएस्टरची पूड मिसळतात आणि नंतर ती जाळून टाकतात. तिच्या जागी छिद्रं उरतात.

हा थर खरवडायचं काम टोकावरच्या कठीण कणांचं. आता त्या कणांकडे येऊ. ‘सर्वांत कठीण तो हिरा, मग हिराच लावा’ हा सल्ला कारखान्यात काम केलेली माणसं तरी देणार नाहीत. हिरा म्हणजे कार्बन. उघड्या हवेत साधारण 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तो जळू लागतो, शिवाय तापलेल्या निकेल-लोखंडात विरघळतो. टर्बाइनची पाती तर निकेलच्याच मिश्रधातूची. म्हणून कठीणपणात हिऱ्यानंतरचं क्यूबिक बोरॉन नायट्राइड (सीबीएन) वापरतात. रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये ते प्रथम तयार केलं. भोसरी-चाकणच्या ग्राइंडिंगवाल्यांना तेच ‘सीबीएन व्हील’ म्हणून माहीत आहे.

सीबीएन सिरॅमिक छान कापतं, पण हजार अंशांच्या घरात ऑक्सिजन त्याला फार काळ टिकू देत नाही. सिलिकॉन कार्बाइड ऑक्सिजनला चांगलं तोंड देतं. त्याची अडचण वेगळी आहे. ते निकेलशी संयोग पावून कमी तापमानाला वितळणारी संयुगं बनवतं. यावर 1980च्या सुमारास काढलेला तोडगा म्हणजे प्रत्येक कणाला अ‍ॅल्युमिनाचा पातळ लेप देणं. उष्णतारोधक म्हणजे न वितळणारा, एवढंच धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. टोकावर वितळण्यापेक्षा ऑक्सिजन आणि शेजारचा धातू यांचाच त्रास जास्त असतो.

हे कण चिकटवलेले नसतात. विद्युत विलेपनाने टोकावर धातू चढवत जातात आणि त्यात कण निम्म्याहून जास्त रुततात, धारदार डोकी बाहेर राहतात. या धातूत क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम आणि चिमूटभर यट्रियम असतं. तापल्यावर त्यावर अ‍ॅल्युमिनाचा पापुद्रा धरतो आणि तो खालच्या धातूला ऑक्सिजनपासून जपतो.

राहिला शेवटचा गैरसमज: कण पात्याच्या आयुष्याइतके टिकायला हवेत. गरज तशी नसते. मोठं घासणं इंजिनाच्या सुरुवातीच्या चालण्यातच होतं. तेव्हा चर एकदा नीट पडला, की सीबीएन नाहीसं झालं तरी त्याचं काम झालेलं असतं. पुढेही घासणं होत राहणार असेल, तिथे कमी धारेचे पण जास्त टिकणारे कण निवडतात किंवा दोन्ही मिसळतात. काही तज्ज्ञ सीबीएनच्या अल्पायुष्याला दोष मानतात. मला ती योग्य निवड वाटते, कारण कापण्याचं काम थोड्याच वेळाचं असतं.

आपल्याकडे 2021 मध्ये हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेने हेलिकॉप्टर इंजिनासाठी एकस्फटिकी (अख्खं पातं एकाच स्फटिकाचं असलेली) पाती ओतून हिंदुस्तान एरोनॉटिक्सला (एचएएल) दिली, तेव्हा ‘इंजिनाचं कोडं सुटलं’ असं बरेच जण म्हणू लागले. ते यश खरंच मोठं आहे. पण ओतलेलं पातं म्हणजे तयार पातं नव्हे. त्यावरचे लेप, टोकाची बांधणी आणि समोरच्या आवरणाचा थर ही स्वतंत्र तंत्रं आहेत आणि तीही तितक्याच चिकाटीने कमवावी लागतात.