सडकेची नि शर्यतीची एकच गाडी

वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. ती सवलत डिफरेन्शियल देते. सवलत हा शब्द आम्हां कामगारांना प्रियच! पण अमेरिकेतील पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत तीच नडते : एक चाक घसरले की दुसऱ्याच्याही वाट्याला तेवढेच अल्प बळ येते. म्हणून तेथे ‘स्पूल’ घालून दोन्ही चाके जखडतात. तीच गाडी सोमवारी कामावर न्यायची, तर वळणावर टायर फरफटतात, अ‍ॅक्सलला पीळ बसतो. पावसात गाडी हाताबाहेर जाते. अशा दुहेरी गाडीला आम्ही लिमिटेड-स्लिप सुचवू. आणि घर १९५७ साली आलेले फोर्डचे ९ इंची. त्याचा मधला संच पुढून निघतो, ३.५० चा उतरवून ४.११ चा चढवणे सोपे. घर्षणात बळ थोडे अधिक जाते, जाऊ द्यावे.