ट्रान्सक्रिप्ट: बग्गी मागून का घसरते? मागचं सस्पेन्शन, पहिल्या स्क्रूपासून

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे करतोय. एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की गाडी गर्रकन फिरते. मोटर बदलू की गाडीच विकून टाकू?" थांब रे बाबा. दोन्ही नको. गाडी आहे १/१० स्केलची टू-व्हील ड्राइव्ह इलेक्ट्रिक बग्गी आणि चालते मुरमाच्या मैदानावर. म्हणजे सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर आणि खाली सुटी खडी. यात आणखी तगडी मोटर टाकलीस तर अजून जोरात फिरेल, एवढंच होईल.

मागचे टायर झिजलेले नाहीत असं धरून चालतो. झिजले असतील तर आधी ते बदला, बाकी एपिसोड नंतर ऐका.

सगळ्यात आधी मागचे दोन्ही शॉक काढा. हो, पूर्ण काढा. आता आर्म हाताने वर उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत अडकत येत असेल तर तुम्ही कुठलंही ऑइल, कुठलीही स्प्रिंग टाका, काही उपयोग नाही. मुरमाची बारीक धूळ हिंज पिनवर बसते, नाहीतर पिन वाकलेली असते. पिन काढून आरशाच्या काचेवर लोळवून बघा, वाकलेली असेल तर लगेच कळतं. आपल्याकडे ही पायरी बरेच जण गाळतात. कोड कंपाइल होत नसताना यूआयचा रंग बदलत बसण्यासारखं आहे ते.

आता शॉक. दोन्ही शॉक पूर्ण ताणून लांबी व्हर्नियरने मोजा, वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत. डावा-उजवा सारखाच हवा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी गाडी एका बाजूला वेगळी वळते आणि दुसऱ्या बाजूला वेगळी, आणि आपण स्टिअरिंगच्या ट्रिमला शिव्या घालतो.

ऑइल भरताना घाई नको. भरलं, पिस्टन हळूहळू पाच-सहा वेळा वर-खाली केला, मग शॉक उभा ठेवून चहा पिऊन या. बुडबुडे आपोआप वर येतात. हवा आत राहिली तर शॉक चुकचुक आवाज करतो आणि पहिले काही मिलिमीटर कामच करत नाही. सुरुवातीला मागे ३० वेट चांगलं. ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी, पण एका कंपनीचं वेट दुसऱ्या कंपनीच्या वेटशी जुळेलच असं नाही. म्हणून दोन्ही शॉकमध्ये एकाच बाटलीतलं ऑइल टाका. आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता चालवणार असाल तर एक पायरी जाड घ्या. तापल्यावर ऑइल पातळ होतं, तेलाच्या कढईत बघतोच की आपण.

पिस्टनच्या भोकांचं गणित जरा मजेशीर आहे. भोक लहान आणि ऑइल पातळ, किंवा भोक मोठं आणि ऑइल जाड, हातात दाबून बघितलं तर दोन्ही सारखंच वाटतं. फरक कळतो उडीवरून खाली आदळताना. पिस्टन एकदम वेगाने जातो, लहान भोकातून ऑइल तेवढ्या वेगाने निघू शकत नाही आणि शॉक क्षणभर कडक होतो. याला रेसर लोक पॅक म्हणतात. मोठ्या उड्या असतील तर हा पॅक हवाहवासा. आपल्या मैदानासारखी खडबडीत जागा असेल तर मात्र चाक खड्ड्यावरून टणकन उडतं आणि ग्रिप जाते. तिथे मोठं भोक, जाड ऑइल.

मग राइड हाइट. बॅटरी आत ठेवून गाडी वीतभर उंचीवरून टेबलावर सोडा. जिथे स्थिरावेल तिथे मागून बघा: गिअरबॉक्सपासून चाकाकडे जाणारे ड्राइव्हशाफ्ट जमिनीला समांतर दिसले पाहिजेत. नसतील तर शॉकवरची कॉलर फिरवा. आणि हे नीट ऐका: कॉलर घट्ट केली म्हणजे स्प्रिंग कडक झाली असं नाही. गाडी फक्त उंच होते. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

आता आपल्या श्रोत्याच्या दुखण्याशी थेट जोडलेला भाग, अँटी-स्क्वॉट. मागच्या आर्मची हिंज पिन बाजूने बघितली तर पुढचं टोक थोडं वर असतं. हा कोन जितका जास्त, तितकी थ्रॉटल दिल्यावर गाडी मागे कमी बसते. गुळगुळीत ट्रॅकवर हे मस्त, ताकद लगेच जमिनीला मिळते. पण खडबडीत जागी त्याच थ्रॉटलमुळे सस्पेन्शन आखडतं, चाक नाचतं, आणि वळणातून निघताना नाचलं की गाडी फिरते. आठवा, श्रोत्याची गाडी नेमकी तिथेच फिरते. बहुतेक किटमध्ये पिनच्या ब्लॉकखाली शिम किंवा बदलायचे इन्सर्ट मिळतात. १ अंश कमी करा. फुकट काम आहे, मोटरच्या ईएमआयपुढे तर नक्कीच.

टो-इन म्हणजे मागची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली. अशा बग्गीत साधारण ३ अंश असतो. कुणी स्पीडसाठी कमी करायला सांगितलं तर सुट्या मुरमावर ऐकू नका. कॅम्बर उणे १ ते २ अंश ठेवा आणि सध्या विसरून जा.

(हसत) लोकांना वाटतं हे सगळं आत्ताचं खूळ आहे. १९८४ साली असोसिएटेडची आरसी१० आली, तिच्यातही ऑइल भरलेले शॉक होते. तेव्हापासून पोरं बोटं तेलकट करून घेतायत.

तर दादा म्हणणाऱ्या मित्रा, क्रम असा: आर्म मोकळे कर, शॉक सारखे कर, राइड हाइट लाव. मग चार्ज केलेली बॅटरी घालून पाच लॅप मार. तरीही फिरली तर अँटी-स्क्वॉट १ अंशाने खाली आणि पुन्हा पाच लॅप. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल फोनच्या नोट्समध्ये लिही, जुना आकडाही लिही. नवीन सेटिंग पटलं नाही तर परत जायचा रस्ता हवा ना.