आइस्क्रीमवरील कुरकुरीत चॉकलेट

जेवणाच्या शेवटीं येणारें आइस्क्रीम मऊ व गार असतें. त्यावर दांतांखालीं मोडणारें असें कांहींतरी असावें, ही आवड लहानथोरांना सारखीच असते. परंतु तळोज्यासारख्या ठिकाणीं हा कुरकुरीतपणा घरीं साधणें व टिकविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. पनवेल तालुक्यांतील हें जुनें गांव आतां कारखान्यांचें व उंच इमारतींचें झालें आहे. २०२३ सालीं बेलापूर ते पेंधर अशी मेट्रोही या बाजूस धांवूं लागली. खाडीकडची दमट हवा मात्र होती तशीच आहे. पावसाळ्यांत सकाळीं केलेली खुटखुटीत चिक्की सायंकाळपर्यंत चिवट होते, आणि वाढदिवसाला जमलेल्या मुलांपुढें गृहिणीला ओशाळें व्हावें लागतें. यांत दोष तिच्या हाताचा नसतो. तो हवेंतील पाण्याचा असतो.

कुरकुरीतपणा म्हणजे पाण्याचा अभाव, हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचें सारें उलगडतें. साखर सुमारें १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थंड केली कीं ती कांचेसारखी कठीण व ठिसूळ होते. हीच कांच हवेंतील बाष्प शोषूं लागली कीं प्रथम चिकट व मग मऊ होते. गूळ तर साखरेहूनही लौकर ओल धरतो. लोणावळ्याची चिक्की घट्ट वेष्टनांत कां बांधतात, तें यावरून सहज समजेल.

या कांचेला ओलीपासून वांचविण्याचें काम चॉकलेट करतें. चॉकलेटमधील कोकोचें लोणी हा एक स्निग्ध पदार्थ आहे, आणि स्निग्धाचें व पाण्याचें जमत नाहीं. म्हणून चिक्कीच्या तुकड्यांवर चॉकलेटचा पातळ लेप बसला कीं बाष्पाला आंत शिरण्यास वाट राहत नाहीं.

कृति अशी. जाड बुडाच्या कोरड्या कढईंत १०० ग्रॅम साखर मंद आंचेवर, पाणी न घालतां, विरघळूं द्यावी. मधासारखा रंग येतांच तींत भाजून सोललेले १०० ग्रॅम शेंगदाणे घालून लगेच तूप लावलेल्या ताटांत मिश्रण पातळ पसरावें. हा पाक उकळत्या पाण्याहून पुष्कळ अधिक तापलेला असतो व कातडीला चिकटून राहतो. तेव्हां या वेळीं मुलांना चुलीपासून दूर ठेवावें. थंड झाल्यावर तुकडे करून भुगा चाळून टाकावा, कारण भुग्याला ओल फार लौकर लागते.

मग १५० ग्रॅम चॉकलेट चिरून, गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यांत वितळवावें. त्यांत पाण्याचा थेंब पडूं देऊं नये, चमचाही कोरडाच असावा. थोड्याशा पाण्यानें चॉकलेटमधील साखर ओली होऊन एकमेकींस चिकटते, आणि सारें मिश्रण गोळा होऊन बसतें. वितळलेल्या चॉकलेटमध्यें तुकडे घोळून कागदावर सुटे पसरावे व शीतकपाटांत घट्ट होऊं द्यावे. कोकोचें लोणी सुमारें ३४ अंशांवर वितळतें व त्याच्या पुष्कळ आधींच मऊ पडतें. म्हणून तळोज्याच्या उन्हाळ्यांत ते बाहेर ठेवूं नयेत. घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून शीतकपाटांतच ठेवावे, आणि लागतील तेवढेच काढून डबा लगेच मिटावा. डबा उघडा राहिला कीं गार तुकड्यांवर हवेंतील बाष्पाचें दंव जमतें.

ज्यांना शेंगदाणे सोसत नाहींत, त्यांच्यासाठीं दुसरा उपाय आहे. १०० ग्रॅम चॉकलेटमध्यें दोन मोठे चमचे खाण्याचें खोबरेल तेल घालून दोन्ही एकत्र वितळवावीं, व कोमट झाल्यावर घट्ट आइस्क्रीमवर ओतावीं. पाहतां पाहतां त्याचें कवच बनतें व चमच्यानें फोडावें लागतें. यांत जादू कांहीं नाहीं. खोबरेल तेल सुमारें २४ अंशांखालीं गोठतें. पुण्याच्या थंडींत सकाळीं तेलाची बाटली उन्हांत ठेवावी लागते, ती याच कारणामुळें. तळोज्यांत बहुतेक वर्षभर पातळ राहणारें हें तेल शून्याखालच्या आइस्क्रीमला टेंकतांच गोठतें. मात्र तुकड्यांच्या लेपांत हें तेल घालूं नये. लेप नरम राहून ताटांतच वितळूं लागेल.

शेवटीं वाढण्याची वेळ सांभाळावी. आइस्क्रीम वितळूं लागलें कीं त्यांतील पाणी खालून तुकड्यांत शिरतें, आणि डब्यानें दिवसभर राखलेला कुरकुरीतपणा कांहीं मिनिटांत जातो. म्हणून सर्व मंडळी पानावर बसलीं, वाट्या हातीं आल्या, कीं मगच डबा उघडावा.